खडकमाशांचा पत्ता

पूर्व आफ्रिकेतील न्यासा, म्हणजेच आजच्या मलावी, सरोवराला घरगुती मत्स्यालयांच्या इतिहासात वेगळे स्थान आहे, कारण तेथून परदेशी गेलेल्या माशाचे मोल केवळ त्याच्या रंगावर ठरत नसे. तो सरोवरातल्या नेमक्या कोणत्या खडकावरून धरला, यावरही ते ठरत असे. मलावी, मोझांबिक आणि टांझानिया या तीन देशांना लागून पसरलेले हे सरोवर साडेपाचशे किलोमीटरांहून अधिक लांब आणि कमाल सुमारे ७०० मीटर खोल आहे. त्याच्या काठाशी खडकाळ पट्टे आणि वाळूचे पट्टे आलटून पालटून येतात, आणि खडकांच्या फटींतून राहणारे लहान मासे मधली मोकळी वाळू ओलांडण्याचे धाडस सहसा करीत नाहीत. त्यामुळे दोन खडकांमधले अंतर माणसाच्या दृष्टीने मामुली असले, तरी पिढ्यान्पिढ्या एकमेकांपासून तुटून राहिलेल्या माशांच्या वस्त्यांचे रंग वेगवेगळ्या वाटांनी गेले. एका बेटाजवळ निळ्या अंगावर काळे पट्टे असलेला नर आढळतो, तर पुढच्या बेटाजवळ त्याच ठेवणीच्या नराचा पाठीवरचा पर तांबडा असतो. किनाऱ्यावरील टोंगा लोक या खडकमाशांना ‘म्बुना’ म्हणतात आणि शास्त्रज्ञांनी व व्यापाऱ्यांनीही पुढे तेच नाव उचलले.

म्बुना ज्या कुलात मोडतात ते सिक्लिड कुल मराठी वाचकाला अगदीच परके नाही. गोव्याच्या बाजारात मानाने विकली जाणारी कालुंदर ही त्याच कुलातली आहे, आणि उजनीच्या जलाशयात माजलेली चिलापी तर मुळातच आफ्रिकेतली. मात्र एकट्या न्यासा सरोवरात या कुलाच्या जातींची संख्या आठशेच्या घरात असावी असा अंदाज केला जातो, आणि त्यांतल्या बहुतेक जाती जगाच्या पाठीवर दुसरीकडे कोठेही नाहीत.

या माशांची युरोपला ओळख झाली ती मेलेल्या अवस्थेत. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांची झांबेझी मोहीम सप्टेंबर १८५९ मध्ये सरोवराच्या काठी पोचली. मोहिमेतील वैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन कर्क यांनी जमवलेल्या माशांचे वर्णन लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील अल्बर्ट ग्युन्टर यांनी १८६४ मध्ये प्रसिद्ध केले. (त्याच वर्षी लिव्हिंग्स्टन यांनी याच सरोवरासाठी बांधून घेतलेली, पण सरोवरापर्यंत कधीच न पोचलेली ‘लेडी न्यासा’ ही आगबोट समुद्रमार्गे मुंबईला आणली आणि पुढे ती तेथेच विकली गेली.) त्यानंतरची काही दशके नमुने गोळा करण्याचे काम अधिकारी, वैद्य आणि दर्यावर्दी करीत राहिले. त्यांच्यात कॅप्टन ऱ्होड्स यांचा उल्लेख आवश्यक आहे, कारण ऑगस्ट १९१४ मध्ये ‘ग्वेन्डोलेन’ या ब्रिटिश तोफनौकेवरून याच सरोवरातली जर्मन आगबोट निकामी करणारे ऱ्होड्स त्याआधी मासे जमवून लंडनला पाठवीत असत, आणि १९०८ साली एका जातीला त्यांचे नावही मिळाले होते. पुढे मत्स्यालयांत घरोघरी पोचलेल्या दोन जाती, सोनेरी-काळ्या पट्ट्यांची ‘ऑराटस’ आणि निळी ‘झेब्रा’, यांचे वर्णन मत्स्यशास्त्रज्ञ बूलांजे यांनी अनुक्रमे १८९७ आणि १८९९ मध्ये केले.

या संग्रहालयीन विद्येची एक मोठी मर्यादा होती. मद्यार्कात ठेवलेल्या माशाचा रंग उडून तो करडा किंवा तपकिरी होतो आणि बरणीवरच्या चिठ्ठीत पुष्कळदा ‘न्यासा सरोवर’ एवढाच ठावठिकाणा असे. साहजिकच मत्स्यशास्त्रज्ञ टेट रीगन यांनी १९२२ मध्ये आणि एथेल्विन ट्रेवावस यांनी १९३५ मध्ये या माशांची जी पद्धतशीर वर्गवारी केली तिच्यात दात, जबडे आणि कवटीच्या ठेवणीवर भर होता. रंग आणि जागा या दोन्ही गोष्टी तिच्यात दुय्यम ठरल्या. या बरण्यांच्या रांगांकडे पाहून त्यांतले मासे कोणी दिवाणखान्यात हौसेने ठेवील, असे त्या काळी कोणाच्या मनात आले नसेल तर त्यात नवल नाही.

चित्र पालटले ते १९५०च्या दशकात. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जेफ्री फ्रायर यांनी सरोवराच्या पश्चिम काठावरील नखाटा बे येथे राहून जिवंत म्बुनांचा अभ्यास केला आणि १९५९ मध्ये खडकाळ व वाळूच्या किनाऱ्यांवरील मत्स्यसमूहांविषयी विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. खडकावर शेवाळ आणि त्यात वावरणारे सूक्ष्म जीव यांचा जो दाट थर साचतो त्याला जीवशास्त्रात ‘आउफवुक्स’ असे जर्मन नाव आहे. एकाच खडकावरचे अनेक मासे हाच थर खातात, पण कोणी तो खरवडतो, कोणी विंचरतो, तर कोणी त्यातले किडे टिपतो, हे फ्रायर यांनी दाखवले. एकेक जात खडकाच्या एका तुकड्याला किती घट्ट जखडलेली आहे, हेही त्यांच्या कामातून पुढे आले. व्यापाराशी या संशोधनाचा थेट संबंध नव्हता, पण व्यापाऱ्यांना पुढे ज्या गोष्टीचे पैसे मिळणार होते ती गोष्ट, म्हणजे रंगाचे जागेशी असलेले नाते, येथे पहिल्यांदा नीट मांडली गेली.

तोवर युरोप-अमेरिकेतील घरगुती मत्स्यालयाची रीत ठरून गेली होती. बहुतेक शोभेचे मासे दक्षिण अमेरिका आणि आग्नेय आशियातल्या नद्या-ओढ्यांतून येत, त्यांना मृदू आणि किंचित आम्लधर्मी पाणी लागे, आणि दाट पाणवनस्पती हा टाकीचा मुख्य शृंगार मानला जाई. न्यासाचे मासे या रीतीत बसण्यासारखे नव्हते. सरोवराचे पाणी अल्कधर्मी आहे; त्याचा सामू, म्हणजे आम्लता व अल्कता मोजण्याचे माप, साधारण ७.७ ते ८.६ असतो. शिवाय हे मासे वनस्पती कुरतडतात, वाळू उकरतात आणि हद्दीसाठी सतत भांडतात. तरीही १९६०च्या दशकात, पॉलिथिनच्या पिशवीत पाणी आणि प्राणवायू भरून जिवंत मासे जेट विमानाने काही तासांत खंडापार नेणे परवडू लागल्यावर, म्बुना जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिकेत पोचले आणि पाहता पाहता त्यांचे वेड पसरले. प्रवाळातल्या समुद्री माशांची झळाळी खाऱ्या पाण्याच्या खर्चाशिवाय आणि दगदगीशिवाय मिळते, हे त्यामागचे साधे कारण होते. अमेरिकेत १९६७ मध्ये आणि पश्चिम जर्मनीत १९७० मध्ये केवळ सिक्लिडपालकांच्या राष्ट्रीय संघटना उभ्या राहिल्या, यावरून या वेडाचा जोर कळतो.

मलावी १९६४ मध्ये स्वतंत्र झाल्यानंतर तेथे मासे निर्यात करणारी मोजकी ठाणी होती. सलिमाजवळच्या कांबिरी येथे १९७०च्या दशकात स्टुअर्ट ग्रँट या इंग्रज गृहस्थाने उभारलेले ठाणे त्यांत सर्वांत नावाजले आणि २००७ मध्ये ग्रँट यांचे निधन होईपर्यंत जगभरचे अभ्यासक व हौशी तेथे उतरत राहिले. मासे धरण्याचे प्रत्यक्ष काम मात्र स्थानिक पाणबुडे करीत, आणि या व्यापाराच्या इतिहासात त्यांची नावे मालकांच्या नावांइतकी नोंदली गेलेली नाहीत, ही त्या इतिहासाची उणीव म्हटली पाहिजे. पाणबुडे खडकांमध्ये बारीक धाग्याचे जाळे पसरून मासे त्यात हुसकत. खोलवरचा मासा एकदम वर आणला तर दाब घटल्यामुळे त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगून तो दगावतो, म्हणून भोके पाडलेल्या पिंपात मासे ठेवून ते पिंप टप्प्याटप्प्याने, गरजेप्रमाणे काही दिवस लावून, वर घेतले जाई. पिशवीवर जातीबरोबर जागेचे नावही लिहिले जाई, आणि दूरच्या वा अवघड जागेचा मासा अर्थातच महाग पडे.

पण म्बुनांचा व्यापार जिने वाढवला आणि काही अंशी जिने पोखरलाही, ती गोष्ट म्हणजे त्यांची सुलभ वीण. या कुलातील न्यासाच्या जवळजवळ सर्व जातींत मादी अंडी तोंडात वाढवते. मादी सपाट दगडावर थोडी अंडी घालते आणि लगेच वळून ती तोंडात घेते. नराच्या गुदपरावर अंड्यांसारखे पिवळे ठिपके असतात; मादी त्या ठिपक्यांनाही टोचू लागते आणि त्याच वेळी नराचे वीर्य तिच्या तोंडात जाऊन आतल्या अंड्यांचे फलन होते, असे स्पष्टीकरण जीवशास्त्रज्ञ वोल्फगांग विकलर यांनी १९६२ मध्ये मांडले. त्यानंतर सुमारे तीन आठवडे मादी गळा फुगवून, जवळजवळ उपाशी राहून पिल्ले सांभाळते. पालक अशा मादीला वेगळ्या टाकीत हलवतो, किंवा मुदत भरत आल्यावर तिचा खालचा जबडा हळूच उघडून पिल्ले भांड्यात काढून घेतो. एका विणीत पिल्ले थोडीच निघतात, पण ती जन्मतःच धडधाकट असतात आणि भुकटी केलेले साधे खाद्यही खातात, त्यामुळे दोन-चार टाक्यांच्या हौशी माणसालाही विक्रीपुरती पैदास जमते. बाकीची युक्ती त्या मानाने सोपी आहे: भरपूर खडक रचावेत, मोठा फिल्टर लावावा, शिंपल्यांचा किंवा प्रवाळाचा चुरा टाकून पाणी अल्कधर्मी ठेवावे, एका नरामागे अनेक माद्या सोडाव्यात आणि टाकी मुद्दाम दाट भरावी, म्हणजे दांडगा नर एकाच दुबळ्याच्या मागे लागत नाही. शेवाळ खाणाऱ्या या माशांना मांसाहारी खाद्य फार घातले तर पोट फुगून ते मरतात, हा धडा मात्र पहिल्या पिढीतल्या पालकांना बरेच मासे गमावून मिळाला.

विणीमुळे काय घडले याचे उत्तम उदाहरण ‘यलो लॅब’ हे आहे. फ्रायर यांनी १९५६ मध्ये नखाटा बे येथील ज्या पांढुरक्या माशाला शास्त्रीय नाव दिले त्याचाच एक पिवळाधमक प्रकार १९८०च्या सुमारास ग्रँट यांच्या पाणबुड्यांना लायन्स कोव्ह या जागेजवळ सापडला. त्यांतले थोडे मासे बुरुंडीतील बुजुंबुरा येथे, टांगानिका सरोवराचे मासे निर्यात करणाऱ्या पिएर ब्रिशार या बेल्जियन व्यापाऱ्याकडे गेले, तेथे त्यांची पैदास झाली, आणि न्यासाचा मासा दुसऱ्याच सरोवराच्या काठावरून जगभर रवाना होऊ लागला. आज दुकानांतून दिसणारा हा मासा बहुतांशी त्या मूठभर माशांचा वंशज आहे. ‘रेड झेब्रा’ची गत याहून निराळी. अॅड कोनिंग्स या सिक्लिडतज्ज्ञांनी १९९५ मध्ये या जातीला ग्रँट यांच्या पत्नीचे, एस्थर यांचे, नाव दिले. मोझांबिकच्या किनाऱ्यावर तिची मादी नारिंगी आणि नर सहसा फिकट निळा असतो. पण गिऱ्हाइकाला नारिंगीच हवा म्हणून पैदासकारांनी क्वचित आढळणारे नारिंगी नर निवडून वाढवले, आणि परिणामी आजच्या बाजारात सरोवरातला खरा निळा नरच परका वाटतो. या दोन्ही जाती एका टाकीत ठेवल्या की त्यांचा संकर सहज होतो आणि फिकट शेंदरी रंगाची, कोणत्याच जातीत न बसणारी पिल्ले बाजारात येतात. टाकीत निपजणारे मासे स्वस्त झाले तसे सरोवरातून मासे धरण्याचे प्रमाण घटले, हा लाभ नाकारता येत नाही, पण त्याची किंमत म्हणून माशाचा पत्ता पुसला गेला.

हा पत्ता खुद्द सरोवरातही अबाधित राहिला नाही. दक्षिण टोकाकडील केप मॅक्लिअरजवळ थुंबी वेस्ट नावाचे बेट आहे; निर्यातीच्या सोयीसाठी सरोवराच्या इतर भागांतून आणलेले मासे १९६०-७०च्या दशकांत त्याच्या आसपास सोडले गेले, आणि अशा सुमारे डझनभर उपऱ्या जाती तेथे रुजल्या. त्यांतल्या एकीचा स्थानिक झेब्राशी संकर झाल्याचे पुढे आनुवंशिक अभ्यासातून दिसून आले. विशेष म्हणजे हेच बेट १९८० मध्ये स्थापन झालेल्या आणि १९८४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या लेक मलावी राष्ट्रीय उद्यानात येते, म्हणजे या माशांच्या निसर्गदत्त विभागणीसाठी राखलेल्या पाण्यातच व्यापाराने केलेली सरमिसळ आज संरक्षित आहे. व्यापाराची दुसरी बाजू व्हिक्टोरिया सरोवरात दिसते. तेथे १९५०च्या दशकात सोडलेल्या नाइल पर्च या शिकारी माशाची १९८०च्या दशकात बेसुमार वाढ झाली आणि शेकडो सिक्लिड जाती दिसेनाशा झाल्या. त्यांतल्या काही आज प्राणिसंग्रहालयांच्या आणि हौशी पालकांच्या टाक्यांतच जपल्या जातात, व अशा वेळी टाकीवर लिहिलेले मूळ स्थानाचे नाव म्हणजे केवळ मिरवण्याची बाब राहत नाही.

महाराष्ट्रात या माशांचे आगमन उशिराचे आहे. मुंबईत १९५१ मध्ये खुल्या झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने काचेपलीकडच्या माशाची गोडी अनेक पिढ्यांना लावली, पण घरगुती टाकीत दीर्घकाळ गोल्डफिश, गप्पी आणि एंजल यांचेच राज्य होते. त्यांतला एंजल स्वतः सिक्लिड असला तरी तो दक्षिण अमेरिकेचा. आफ्रिकी सिक्लिड आले ते चेन्नईच्या कोळत्तूरसारख्या पैदास केंद्रांतून आणि मुंबईतल्या कुर्ल्यासारख्या घाऊक बाजारांतून. ते टिकले याचे श्रेय काही अंशी येथल्या पाण्यालाही द्यावे लागेल, कारण बोअरवेलचे जे जड पाणी इतर नाजूक माशांना मानवत नाही ते यांना चांगले मानवते. या बाजारात लहान पिल्ले बहुधा ‘मिक्स आफ्रिकन’ या एकाच नावाखाली, नगावर विकली जातात; एकाच पिशवीत ऑराटस, यलो लॅब, रेड झेब्रा आणि त्यांचे संकर एकत्र निघतात. ज्यांना सरोवरातल्या लिकोमा किंवा चिझुमुलू बेटावरचाच वंश हवा असतो असे पालक येथेही आहेत. संख्येने ते थोडे असले, तरी वंशावळीची खात्री देणाऱ्या पैदासकाराकडून मासे मागवून, दोन जागांचे वंश एका टाकीत न ठेवण्याचा नियम ते काटेकोरपणे पाळतात आणि निपजलेली संकरित पिल्ले बाजारात सोडण्याऐवजी मोठ्या माशांना खाऊ घालतात.