ब्याऐंशी मुलांचा प्रश्न: परीक्षा कशासाठी?

१२ मार्च १९२७. महाडचा सत्याग्रह आठ दिवसांवर आला होता. त्या दिवशी मुंबई कौन्सिलात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना बाबासाहेबांनी एक हिशेब मांडला. प्राथमिक शाळेत गेलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त १८ पोचतात. उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात. या भाषणातला खर्चाचा मुद्दा आपण नेहमी सांगतो. 'पुन्हा निरक्षर' या शब्दांपाशी मात्र थांबत नाही. ही मुले शाळेत गेली होती, अक्षरे शिकली होती. शिकलेले टिकले नाही.

भोर आणि वेल्ह्याच्या वस्त्यांवर अभ्यासवर्ग घेताना आम्हाला तीच मुले भेटतात. दिवाळीआधी हातच्याची वजाबाकी बिनचूक सोडवणारी मुलगी जूनमध्ये पाटीकडे नुसती बघत बसते. मधल्या काळात घरचे वीटभट्टीवर गेलेले असतात. मग 'यांच्या डोक्यातच नाही' असे म्हणणारे भेटतातच. आमचे म्हणणे असे की दोष डोक्यात नाही, विचारण्याच्या पद्धतीत आहे.

वर्षातून एकदा होणारी परीक्षा मुलांच्या लक्षात राहावे म्हणून रुजलेलीच नाही. इंग्लंडमध्ये १८६२ च्या नियमांनी शाळेचे अनुदान निकालाला बांधले. इन्स्पेक्टर येणार, मुलांचे वाचन, लेखन, गणित तपासणार आणि त्यावर पैसे ठरणार. निकाल पाहून अनुदान देण्याची ही रीत मुंबई इलाख्यातही आली. परीक्षा सरकारच्या हिशेबासाठी होती. इन्स्पेक्टर परतल्यावर मुलाला काय आठवते, हे कोण विचारणार?

ते विचारण्याची वाट जोतीराव फुल्यांनी दाखवली. १८८२ साली हंटर आयोगापुढच्या निवेदनात त्यांनी सांगितले की डेप्युटी इन्स्पेक्टरच्या वर्षातून एका भेटीचा फारसा उपयोग नाही. तपासणी निदान दर तीन महिन्यांनी व्हावी आणि अधूनमधून न कळवताही व्हावी. त्यांचा मुद्दा देखरेखीचा होता. पण वारंवार आणि अचानक विचारलेलेच खरे कळते, ही त्यातली जाण वर्गालाही लागू पडते. तोरणा, राजगड, रोहिड्याखालचा आपला मुलुख तेव्हा भोर संस्थानात होता आणि १९४८ पर्यंत तसाच राहिला.

या जाणिवेला आता प्रयोगाचा आधार आहे. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांचे गट केले. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला; दुसऱ्याने एकदा वाचून, तो न बघता तीनदा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर त्यांना सुमारे ४० टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आठवण्याची धडपड हीच शिकण्याची क्रिया आहे.

बौद्ध परंपरेला हे नवे नाही. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत महाकाश्यप प्रश्न विचारत गेले आणि न्हावी कुळातून आलेल्या उपालींनी विनय सांगितला, असे परंपरा सांगते. समोर ग्रंथ नव्हता. विचारण्यातून आणि सांगण्यातून तो टिकला.

कायद्यातही जागा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर महाराष्ट्राने २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले. तोंडीकाम, प्रात्यक्षिक, प्रकल्प, छोटी चाचणी, पुस्तकासह चाचणी हे सगळे त्यात आहे. पण आम्ही पाहिलेल्या बऱ्याच ठिकाणी ते नोंदवह्या भरण्यापुरते उरले. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली आहे. परीक्षा हवी की नको, या वादात आम्हाला रस नाही. ती वर्षाच्या शेवटी एकदाच मुलाला चाळून बाजूला काढणार, की रोज थोडे आठवायला लावून त्याला हात देणार, हा आमचा प्रश्न आहे.

आमच्या वर्गात आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. सुरुवातीची पाच मिनिटे पुस्तके बंद. पाटीवर तीन प्रश्न, एक कालचा, एक मागच्या आठवड्याचा, एक मागच्या महिन्याचा. उत्तर तिथेच दुरुस्त करायचे, गुण द्यायचे नाहीत. आणि कुणाला एकट्याला उभे करायचे नाही. सगळ्यांनी एकदम पाट्या वर करायच्या. चारचौघांत मान खाली घालायला लावणारा प्रश्न आपल्या मुलांना शाळेपासून तोडतो, हे आपल्या कितीतरी आईबापांनी भोगले आहे. भट्टीवरून परतलेल्या मुलासाठी मागच्या महिन्याचा प्रश्न म्हणजे सुटलेले पुन्हा हाती घेण्याची जागा असते.

कार्यकर्त्यांनी जयंतीच्या वर्गणीइतकेच लक्ष शाळा व्यवस्थापन समितीकडे द्यावे. तिथे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीत निकालाचा टक्का विचारू नका. मागच्या महिन्यात शिकवलेले आज किती मुलांना आठवते, ते विचारा. ८२ चा हिशेब मिटवायला तिथूनच सुरुवात होईल.