तळटीप : फ्रान्सिस मॅरियन
१४. फ्रान्सिस मॅरियन (१८८८–१९७३) : हॉलिवूडच्या पटकथालेखिका. जन्म सॅन फ्रान्सिस्को. मूकपटांच्या काळात अभिनेत्री मेरी पिकफर्डसाठी लिहिलेल्या पटकथांनी त्यांचे नाव झाले. पुढे ‘एमजीएम’ स्टुडिओत त्यांनी बोलपटही तितक्याच ताकदीने लिहिले. ‘द बिग हाऊस’ (१९३०) या तुरुंगपटासाठी त्यांनी सॅन क्वेंटिनचा तुरुंग स्वतः जाऊन पाहिला. याच चित्रपटासाठी लेखनाचे ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. ‘द चॅम्प’च्या (१९३१) कथेला दुसरे ऑस्कर मिळाले. स्टुडिओत लेखक पगारी असे आणि एकाच संहितेवर अनेकांचे हात फिरत. अशा व्यवस्थेत त्यांनी स्वतःची ओळख टिकवली. मूळ मजकुरातील ‘पिकफर्डची मैत्रीण’ एवढाच उल्लेख म्हणूनच अपुरा आहे.