मुलकी सत्तेस लष्करी साहाय्य

दंगल, पूर, भूकंप इ. प्रसंगी मुलकी यंत्रणा अपुरी पडल्यास तिच्या मागणीवरून सैन्याने द्यावयाची मदत. भारतात जमाव पांगविण्यापुरते तिचे नियमन १८९८ च्या व पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने केले. पाचारण दंडाधिकाऱ्याने करावे व सैन्याने कमीत कमी बळ वापरावे, हे त्यातील मूलतत्त्व होय. दंडाधिकाऱ्याशी संपर्क अशक्य असल्यासच सेनाधिकाऱ्यास स्वतः कारवाई करता येते. अमृतसरच्या जालियनवाला बागेत १३ एप्रिल १९१९ रोजी जनरल डायर याने इशारा न देता निःशस्त्र जमावावर गोळीबार केला. हंटर समितीने त्याबद्दल त्यास दोष दिला. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही हे तत्त्व कायम आहे. तथापि अशा कृतीबद्दल सैनिकांवर खटला भरण्यास केंद्र शासनाची पूर्वसंमती लागते.