स्थूलाचे कृशपथ्य : मेदशस्त्रक्रियेनंतरच्या आहाराचा इतिहास आणि लोटे परिसर

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायास ‘अष्टौनिन्दितीय’ असे नाव आहे. लोकांनी निंद्य मानलेले आठ देहप्रकार सांगून चरकाने त्यांपैकी दोघांचाच, अतिस्थूल व अतिकृश यांचाच, विस्ताराने विचार केला आहे. दोघांमध्ये कृश बरा, असा त्याचा अभिप्राय; कारण स्थूलाची चिकित्सा अधिक अवघड. आहाराविषयी त्याने घालून दिलेला नियम थोडक्यात असा : स्थूलास पचावयास जड पण पुष्टी न देणारे अन्न द्यावे, कृशास पचावयास हलके पण पुष्टी देणारे द्यावे. या नियमाची आठवण होण्याचे कारण असे की, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झालेल्या एका शस्त्रक्रियेने तो उलटा करून टाकला आहे. वजन उतरविण्यासाठी जठरावर अथवा आतड्यावर जी शस्त्रक्रिया करतात, जिला डॉक्टरमंडळी बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात, तिच्यानंतर रोगी देहाने कित्येक महिने स्थूलच दिसतो. पथ्य मात्र त्याला चरकाच्या कृशाचे पाळावे लागते. शल्यवैद्यास हे ठाऊक असते. घरातील माणसांस बहुधा नसते. या विरोधाचा इतिहास पाहणे आणि तो एका विशिष्ट परिसरास लावून पाहणे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

परिसर निवडला आहे तो रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे हा. खेड आणि चिपळूण यांच्यामध्ये, मुंबई-गोवा महामार्गावर वसलेले हे गाव विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रासायनिक कारखान्यांच्या वसाहतीमुळे नावारूपास आले. शेजारीच परशुरामाचे क्षेत्र आहे. येथील मनुष्य मोठ्या उपचारासाठी मुंबई-पुण्याची वाट धरतो आणि टाके बरे होण्यापूर्वीच घरी परततो. म्हणजे शस्त्रक्रिया शहरात, पण तिचे पुढचे सारे आयुष्य गावात, असा हा प्रकार आहे. इतिहासलेखनात पहिल्या भागास पाने मिळतात आणि दुसऱ्यास तळटीपही मिळत नाही.

वस्तुतः या शस्त्रक्रियेचा इतिहास घडविला तो दुसऱ्या भागानेच. स्वीडनमध्ये हेन्रिक्सन याने १९५२ च्या सुमारास आतड्याचा मोठा भाग काढून वजन उतरविण्याचा प्रयत्न केला. १९५४ साली अमेरिकेतील मिनेसोटा येथील क्रेमेन, लिनर आणि त्यांचे सहकारी यांनी कुत्र्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. लहान आतड्याचा कोणता भाग पोषणास किती आवश्यक, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. त्यातूनच आतडे वळवून अन्नाचे शोषण टाळण्याची कल्पना माणसापर्यंत आली. पुढे लॉस एंजलिस येथील पेन व डीविंड यांनी तिला रूढ स्वरूप दिले. सुमारे वीस फूट लांबीच्या लहान आतड्यापैकी प्रारंभीचे चौदा इंच व शेवटचे चार इंच एवढेच अन्नाच्या वाटेत ठेवावयाचे, असे त्यांचे १९६९ मधील प्रमाण होते. या शस्त्रक्रियेचे आकर्षण काय होते हे ध्यानात घेण्यासारखे आहे. रोग्याने पूर्वीप्रमाणेच जेवावे, फक्त अन्न अंगी लागू नये, अशी ती व्यवस्था होती. पथ्यावाचून फळ मिळविण्याचा हा प्रयत्न होता असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

फळ मिळालेही, परंतु घरी गेलेल्या रोग्यांस सततचे जुलाब लागले. रक्तातील क्षारांचे प्रमाण ढळले, मूत्रपिंडात खडे झाले, सांधे धरले आणि काहींचे यकृत निकामी होऊन ते दगावले. जोडलेली आतडी पुन्हा पूर्ववत करण्याची वेळ कित्येकांवर आली. १९८० च्या दशकापर्यंत ही पद्धत जवळजवळ टाकून देण्यात आली. येथे लक्षात ठेवावयाचे ते हे, की तिचा निकाल शस्त्रक्रियागृहात नव्हे, तर स्वयंपाकघरात व शौचकूपात लागला.

दुसरी वाट आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन याने दाखविली. जठरव्रणासाठी ज्या स्त्रियांचे अर्धे-अधिक जठर काढले जाई, त्यांचे वजन नंतर वाढत नाही, हे त्याच्या लक्षात आले. या निरीक्षणावरून त्याने इटो याच्यासह १९६६ मध्ये जठराचा वरचा लहानसा भाग वेगळा करून तो आतड्यास जोडला. आज या पद्धतीत जी पिशवी ठेवतात तिच्यात सुमारे ३० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे, एवढेच मावते. १९९४ पासून ही शस्त्रक्रिया दुर्बिणीने होऊ लागली. पुढे जठराचा मोठा भाग कापून त्याची केवळ नळी ठेवणारी ‘स्लीव्ह’ पद्धत प्रथम एका मोठ्या शस्त्रक्रियेचा पहिला टप्पा म्हणून आली आणि नंतर स्वतंत्रपणे नांदू लागली. १९९५ साली पोरीस याने मधुमेहावरील तिचा परिणाम मांडल्यावर केवळ वजनाचा प्रश्न मागे पडला.

भारतात ही शस्त्रक्रिया सामान्य वाचकाच्या कानी पडली ती मुख्यतः मुंबईमुळे. २०११ साली नितीन गडकरी यांनी ती करून घेतल्याची वार्ता वृत्तपत्रांनी दिली. २०१७ च्या फेब्रुवारीत इमान अहमद या इजिप्शियन स्त्रीस मालवाहू विमानाने मुंबईस आणण्यात आले आणि ७ मार्च रोजी सैफी रुग्णालयात तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. पुढे तिला अबू धाबीस हलविण्यात आले व त्याच वर्षीच्या २५ सप्टेंबरला तिचे निधन झाले. त्या दिवसांतील वृत्तपत्रे पाहिली असता वजनकाट्याचे आकडे रोज मिळतात. तिने काय खाल्ले, कसे खाल्ले, हे क्वचितच. पुढील इतिहासकारास हे साधन अपुरे पडणार आहे.

आता खुद्द पथ्याकडे वळू. पहिले एक-दोन दिवस पाण्यासारखे पातळ पदार्थ, नंतर सुमारे दोन आठवडे दूध, ताक, गाळलेले सार यांसारखी पेये, मग घोटलेले मऊ अन्न, त्यापुढे मऊ शिजवलेले आणि दोनएक महिन्यांनी नेहमीचे जेवण, असा क्रम बहुतेक ठिकाणी सांगतात. चरकाच्या सिद्धिस्थानात वमन-विरेचनानंतर द्यावयाचा जो पेयादी क्रम आहे, त्याच्याशी याचे साम्य अभ्यासकास तत्काळ जाणवेल. आधी पेया, मग विलेपी, मग मुगाचे यूष, प्रथम न फोडणी दिलेले व नंतर संस्कारलेले, आणि शेवटी मांसरस. शोधन जितके तीव्र, तितका प्रत्येक पायरीवरील मुक्काम दीर्घ. सुश्रुतानेही पोट उघडून आतडे शिवल्यावर रोग्यास दुधावर ठेवण्यास सांगितले आहे. अर्थात या साम्यावरून प्राचीनांना अर्वाचीन शस्त्रक्रिया ठाऊक होती असे अनुमान काढणे हास्यास्पद ठरेल. साम्य आहे ते रिकाम्या व दुखावलेल्या कोठ्यास अन्नाची पुन्हा सवय लावण्याच्या युक्तीत. मराठीत उपवासानंतरच्या पहिल्या भोजनास ‘पारणे’ असा स्वतंत्र शब्द आहे, ही गोष्टही लक्षणीय होय. परशुराम येथे वास्तव्य केलेले ब्रह्मेंद्रस्वामी श्रावणात महिनाभर समाधीत बसत, अशी परंपरा आहे. या परिसरास दीर्घ उपोषण आणि पारणे दोन्ही अपरिचित नाहीत.

परंतु साम्य येथेच संपते. पेयादी क्रम काही दिवसांत पुरा होतो आणि मनुष्य पूर्ववत जेवू लागतो. मेदशस्त्रक्रियेनंतर पूर्ववत जेवण कधीच येत नाही. घास बारीक चावावा, जेवणास वीस ते तीस मिनिटे घालवावी, जेवताना पाणी पिऊ नये, नंतरही अर्धा तास थांबावे. ताटाजवळ तांब्या-भांडे ठेवण्याच्या आणि भातानंतर सोलकढी ओतून घेण्याच्या रिवाजात हे बसत नाही. गोड पदार्थ जठरात न थांबता एकदम आतड्यात उतरला की छातीत धडधड, घाम, पोटात कळ आणि भोवळ येते. डॉक्टर यास ‘डंपिंग’ म्हणतात. गणपतीत मुंबईहून आलेल्या चाकरमान्याने आग्रहाखातर दोन उकडीचे मोदक खाल्ले आणि तो ओटीवर आडवा झाला, तर घरच्यांस दृष्ट लागल्याची शंका येणे अशक्य नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळू लागतात, तेव्हा ‘नको ते करून घेतलेस’ हे वाक्य ऐकावे लागते.

याहून गंभीर गोष्ट प्रथिनांची आहे. शस्त्रक्रियेनंतर रोज निदान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत अशी अपेक्षा असते. कोकणात आजाऱ्याचे अन्न म्हणजे पेज. पंचवीस ग्रॅम तांदळाच्या वाटीभर पेजेत प्रथिने सुमारे दोन ग्रॅम. या हिशेबाने दिवसाकाठी तीस वाट्या पेज प्यावी लागेल, आणि पिशवी तर दोन चमच्यांची! पेज हलकी आहे, हे खरे. पण ती पुष्टी देणारी नाही. चरकाच्या भाषेत बोलावयाचे तर तिने नियमाचा अर्धाच भाग पाळला. उलट कुळीथ घ्या. चरकाने तो स्थूलाच्या आहारात गणला आहे आणि त्याची पिठी हे कोकणातील रोजचे कालवण आहे. पंचवीस ग्रॅम पिठात प्रथिने पाच ग्रॅमांहून अधिक निघतात. पातळ पिठी घोटलेल्या अन्नाच्या टप्प्यावर चालण्यासारखीही आहे. शंभर ग्रॅम बांगड्यात एकोणीसच्या आसपास. अंडे सहा. म्हणजे साधन घरात आहे. फक्त आजाऱ्याच्या पथ्यात त्यास जागा नाही. माशांच्या बाबतीत मात्र एक अडचण नोंदवणे प्राप्त आहे. जून-जुलैमध्ये समुद्रातील यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि लोट्याच्या रासायनिक सांडपाण्याने दाभोळच्या खाडीतील मासळी नासते अशी तेथील मासेमारांची तक्रार वर्षानुवर्षांची आहे. ज्या वसाहतीने पगार दिला आणि बसून काम दिले, तिच्याच पाण्याने पथ्याचे अन्न महाग करावे, हा योगायोग आर्थिक इतिहासाच्या विद्यार्थ्याने तपासण्याजोगा आहे.

जीवनसत्त्वांच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा धागा मुंबईतून जातो. १९२८ पासून लुसी विल्स या विदुषीने मुंबईच्या हाफकिन संस्थेत गरीब गरोदर स्त्रियांच्या पांडुरोगाचा अभ्यास केला, आणि यीस्टपासून केलेल्या मार्माइटने तो बरा होतो असे १९३१ मध्ये दाखविले. त्यातील गुणकारी द्रव्य पुढे फोलेट म्हणून ओळखले गेले. आज शस्त्रक्रिया झालेल्या माणसास ज्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात त्यांत ते असते. शिवाय लोह, कॅल्शियम, ‘ड’ जीवनसत्त्व आणि ‘बी-१२’. यांपैकी शेवटचे जठराच्या साहाय्यावाचून नीट शोषले जात नाही, आणि शाकाहारी महाराष्ट्रात ते मुळातच कमी आढळते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले आहे.

याच याज्ञिकांचे दुसरे कार्य आपल्या विषयाच्या मुळाशीच जाते. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलोग्रॅम भरले. इंग्लंडमधील साऊदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५. पण या हडकुळ्या मुलांत मेद मात्र त्या प्रमाणात घटलेला नव्हता. २००४ साली त्यांनी आपले आणि आपले इंग्रज सहकारी युडकिन यांचे छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्ये छापले. दोघांचा देहभारांक, म्हणजे किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, सारखाच २२.३ होता. युडकिन यांच्या अंगी मेद ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. चरकाने ज्यांना दोन टोकांस बसविले ते स्थूल आणि कृश येथे एकाच देहात नांदत आहेत. रत्नागिरी जिल्हा हा एरवी सडपातळ माणसांचा प्रदेश. डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने किशोरवयीन मुलींच्या पोषणाचा अभ्यास हाती घेतला तो त्यामुळेच. अशा ठिकाणी शस्त्रक्रियेस पात्र कोण, हे १९९१ च्या अमेरिकन निकषाने, म्हणजे देहभारांक ४० किंवा सहव्याधी असल्यास ३५, ठरवावे काय? २०२२ साली आंतरराष्ट्रीय संघटनांनी आशियाई लोकांसाठी तो २७.५ पर्यंत खाली आणला. २०१९ मध्ये भारतीय विमा नियामकाने घालून दिलेल्या अटींत मात्र ४० आणि ३५ हेच आकडे होते.

शेवटी एका धोक्याचा उल्लेख केला पाहिजे, कारण तो गावातच उद्भवतो. शस्त्रक्रियेनंतर काहींना वारंवार उलट्या होतात. दोन-तीन आठवडे तसेच गेले की थायमिन, म्हणजे ‘बी-१’, संपते. मग नजर स्थिर राहात नाही, तोल जातो, मनुष्य बरळू लागतो. अशक्तपणा दिसला की सलाईन लावण्याची आपल्याकडे सार्वत्रिक पद्धत आहे. पण थायमिन दिल्यावाचून ग्लुकोज चढविल्यास हीच अवस्था बळावते आणि मेंदूस कायमची इजा होऊ शकते. खेड-चिपळूणच्या वाटेवरील दवाखान्यात रात्री पोहोचलेल्या रोग्याने आपली शस्त्रक्रिया झाल्याचे सांगितले नाही, तर दुर्बिणीच्या चार बारीक व्रणांवरून ते कोणास कळणार? हा विकार जाव्हा बेटात सडलेल्या तांदळावरील कोंबड्यांत आयिकमन याने १८९० च्या दशकात ओळखला. त्यासाठी त्यास १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कोंडा परत दिला की कोंबड्या सुधारत. भात उकडून मग सडला असता कोंड्यातील थायमिन बरेचसे दाण्यात उतरून टिकते. दक्षिण कोकणातील जुन्या घरांतून पेजेसाठी उकड्या तांदळाचाच आग्रह असे.