जुन्या तबकड्या व फिती : एक साधनचिकित्सा

ध्वनिमुद्रिका हें इतिहासाचें साधन आहे, ही गोष्ट आतां कोणी नाकारीत नाहीं. फ्रेड गाइसबर्ग यानें नोव्हेंबर १९०२ मध्यें कलकत्त्यास गौहरजानचें गाणें मुद्रित केलें. तेव्हांपासून शतकाहून अधिक काळाचा आवाज तबकड्यांत व फितींत सांठत आला आहे. परंतु मोडी कागद हातीं आला असतां तो अस्सल कीं नक्कल, हस्ताक्षर कोणाचें, कसर कोठवर लागली, हें पाहिल्यावांचून त्यावर एक ओळही न लिहिणारा संशोधक तबकडी मात्र सरळ यंत्रावर चढवितो आणि ऐकूं येईल तें प्रमाण मानतो. जुन्या तबकडीची प्रत पारखण्याचे जे नियम आज प्रचारांत आहेत ते बाजाराचे आहेत. त्यांत घेण्यासारखें पुष्कळ आहे. मात्र विकणाऱ्याचा प्रश्न आणि इतिहासकाराचा प्रश्न एक नव्हे.

बाजारांत सर्वाधिक मान्यता पावलेली श्रेणी ही १९७४ सालीं निघालेल्या ‘गोल्डमाइन’ या अमेरिकन नियतकालिकानें रूढ केलेली होय. ‘मिंट’पासून ‘पुअर’पर्यंत तिच्या पायऱ्या असून तबकडी व वेष्टन यांस निरनिराळी श्रेणी देतात. या क्रमांत ‘गुड’ म्हणजे चांगली नव्हे. ती खरखरणारी, झिजलेली, कशीबशी शेवटपर्यंत वाजणारी तबकडी होय. व्यापाऱ्यांच्या भाषेंत शब्दांचे अर्थ असे घसरतातच. पण खरी अडचण निराळी आहे. ही श्रेणी मुख्यतः व्हिनाइलच्या तबकड्यांसाठीं बनली आहे. आपल्या जुन्या संगीताचा फार मोठा भाग लाखेच्या तबकड्यांवर आहे, आणि तेथें हा मापदंड जसाच्या तसा लावणें धोक्याचें ठरतें.

लाखेची तबकडी म्हणजे निव्वळ लाख नव्हे. छोटा नागपूरसारख्या प्रदेशांतून जाणारी लाख ही केवळ बांधणारें द्रव्य; उरलेला बहुतेक भाग दगडाची व खनिजांची पूड, काजळी आणि कापसाचे तंतू यांचा असे. ही पूड मुद्दाम घालीत, कारण पोलादी सुईचें टोंक घासून चराच्या आकाराचें व्हावयास हवें असे. यास्तव लाखेच्या तबकडीचा एकसारखा सूं-सूं आवाज हा तिच्या घडणीचा गुण आहे. त्यास झीज समजून तबकडी टाकून देणें ही मोठी चूक होय. झीज ओळखावयाची ती डोळ्यांनीं. खोलींतील इतर दिवे मालवून एकाच दिव्याचा उजेड तिरपा पाडावा व तबकडी कडेनें धरून हळूहळू फिरवावी. न झिजलेला चर काळाभोर चकाकतो. झिजलेला करडा, राख फांसल्यासारखा दिसतो. प्रत्येक बाजूस नवी सुई घालावी असा दंडक होता, पण काटकसरी घरांत एकाच सुईवर दहा दहा बाजू निभावीत, आणि त्या काटकसरीचा हिशेब चरांत लिहिलेला सांपडतो. मधल्या भोंकाभोंवतीं उमटलेल्या बारीक रेघांवरून तबकडी किती वेळां चढविली गेली याचाही अंदाज येतो. कुंभाराकडून मडकें घेतांना जसें वाजवून घेतात, तशी तबकडी कडेवर बोटानें हलकेंच ठोकून पाहावी. केसाएवढी चीर असेल तर आवाज फुटका येतो. तबकडी स्पिरिटनें कदापि पुसूं नये, कारण अल्कोहोलांत लाख विरघळते.

आतां बाजाराचा व आमचा मार्ग फुटतो तो येथें. तडा गेलेल्या तबकडीस बाजारांत कवडीची किंमत नाहीं; करडी पण अखंड असेल तर तिला गिऱ्हाईक मिळतें. संशोधकानें याच्या उलट मोल करावें. तड्याचा खटका दर फेऱ्यास एकदां होतो, त्याचें स्थान निश्चित असतें, आणि आजच्या संगणकीय साधनांनीं तो काढतां येतो. झिजलेल्या चरांतून जो स्वर घासून गेला तो मात्र गेलाच. फार तर कमीअधिक जाडीची सुई लावून, जुन्या सुईनें न घासलेल्या पातळीवरून चर वाचण्याचा यत्न करतां येतो. लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेंत कार्ल हेबर व त्यांचे सहकारी यांनीं सिद्ध केलेल्या ‘आयरीन’ यंत्रणेंत तर चराची प्रकाशप्रतिमा घेऊन, सुई न लावतां, फुटलेल्या तबकडीचाही आवाज मिळवितात. तेव्हां तुकडे फेंकूं नयेत. शिवाय झीज हीच एक साक्ष आहे. आठ-दहा घरांतून आलेल्या एकाच गाण्याच्या सर्व प्रती करड्या असतील, तर लोकांनीं काय ऐकलें याचें उत्तर तेथें आहे. कोरी करकरीत प्रत कदाचित् कोणी ऐकलीच नसेल.

स्थितीनंतर ओळख. मधल्या कागदावरील नांवापेक्षां चरांच्या आंतल्या मोकळ्या पट्ट्यांत उमटलेला सांचा-क्रमांक अधिक विश्वसनीय मानावा. एकच गाणें दोनदां घेतलें गेलें असेल तर भेद तेथें कळतो. एकाच बाजूस मुद्रण असलेली तबकडी सामान्यतः आरंभकाळची. १९०८ सालीं कलकत्त्यास कारखाना निघण्यापूर्वीं ग्रामोफोन कंपनीच्या हिंदी तबकड्या जर्मनींत हॅनोव्हर येथें छापल्या जात. गाण्याच्या अखेरीस गायिका स्वतःचें नांव उच्चारते तें तेथील अनोळखी कारागिरांस ओळख पटावी म्हणून, असें सांगतात. मात्र केवळ जातीवरून काळ ठरवूं नये. ७८ फेऱ्यांच्या तबकड्या पाश्चात्त्य देशांत मागें पडल्यावरही आपल्याकडे निघत होत्या. बीटल्सची गाणींसुद्धां हिंदुस्थानांत १९६०च्या दशकांत त्या रूपांत निघालीं.

वेगाचा प्रश्न तर सर्वांत नाजूक. ‘७८’ हा आंकडा पुढें स्थिर झाला. आरंभीचीं मुद्रणें त्याहून कमीअधिक वेगानें झालेलीं आहेत. मिनिटास ७३.५ फेऱ्यांनीं घेतलेलें गाणें ७८ वर वाजविलें तर स्वर जवळजवळ अर्ध्या सुरानें चढतो आणि लयही सुमारें सहा टक्के जलद होते. म्हणजे गायकाची पट्टी एका पट्टीनें चुकली, आणि ‘त्या काळीं लय चढी होती’ असा सिद्धान्तही फुकटांत पदरीं पडला. सांथीची पेटी कानाला थोडी मदत करते, पण तिचे सूर तरी सर्वत्र एक कोठें होते? म्हणून वाजविण्याचा वेग सांगितल्यावांचून पट्टीविषयीं केलेलें विधान ग्राह्य धरूं नये, असें आमचें मत आहे.

व्हिनाइलविषयीं थोडक्यांत सांगतों. १९४८ पासून आलेल्या या दीर्घ तबकडीचा चर बारीक असल्यामुळें लाखेच्या तबकडीची सुई तिच्यावर एकदां फिरली तरी नाश होतो. झीज प्रथम पाहावी ती आंतल्या बाजूस. कारण बाहेरच्या कडेस सुईखालून सेकंदास सुमारें ५० सेंटिमीटर चर सरकतो, तर अखेरीस जेमतेम २०.

महाराष्ट्राच्या इतिहासास खरी तांतडी आहे ती कॅसेटींची. फिलिप्स कंपनीनें १९६३ सालीं काढलेली ही डबी स्वस्त व सुटसुटीत असल्यामुळें घरगुती मैफली, कीर्तनें, जलसे, जात्यावरच्या ओव्या तिच्यावर उतरल्या. येथें सांचा-क्रमांक नाहीं. पुष्कळदां दुसरी प्रतही नाहीं. अशी फीत आधीं वाजवूं नये, पाहावी. खिडकींतून गुंडाळी समतल आहे कीं कडा वर आल्या आहेत, पांढरी बुरशी धरली आहे काय, दाबाची नमद्याची गादी जागेवर आहे काय, हें तपासावें. साठ मिनिटांची फीत सुमारें १८ मायक्रॉन जाड, नव्वदांची १२, एकशेंवीसांची अवघी ९. शेवटचीस सर्वांत जपावें. बाहेरील लेबल हा दावा आहे, पुरावा नव्हे. पाठीमागचे दोन चिमुकले दांत मोडलेले असतील तर आंतील मुद्रण पुसलें जाऊं नये अशी कोणाची तरी इच्छा होती. मोडलेल्या जागीं कागद चिकटविला असेल तर ती इच्छा पुढें बदलली.

पुण्याच्या जुन्या बाजारांत प्रस्तुत लेखकास अशीच एक कॅसेट मिळाली. लेबल चित्रपटगीतांचें, छापील. दातांच्या जागीं वहीच्या कागदाचे तुकडे. विकणाऱ्यानें ‘ही बिघडलेली आहे, तशीच न्या’ म्हणून दुसऱ्या मालाबरोबर फुकट दिली. चाळीस सेकंदांच्या गीतानंतर जात्याची घरघर आणि एका वृद्ध बाईचा आवाज सुरू होतो. मधूनच एक मूल तिला ‘आजी, अजून’ म्हणतें. ओव्या एकवीस आहेत. गांवाचें नांव एकदां येतें, पण तेवढ्यांत फीत सुरकुतलेली असल्यानें पहिलें अक्षर लागत नाहीं. दुसरी बाजू चिकटलेली आहे. ती जाणत्याच्या हातून सुटेपर्यंत यंत्रावर चढवावयाची नाहीं, असें ठरविलें आहे.