दोन वर्षांच्या पदवीची कुळकथा

गतवर्षीं आषाढांत आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीचें पत्र आलें. इतिहास विषय घेऊन ती आमच्याच वर्गांतून पदवीधर झाली, लग्नानंतर अमेरिकेंत गेली आणि आज दोन मुलांची आई आहे. तेथील एका द्विवर्षीय महाविद्यालयांत 'संगणकीय माहितीप्रणाली' या विषयाच्या असोसिएट पदवीसाठीं आपण नांव घालणार आहों, सर्व अभ्यास घरीं बसून ऑनलाइन व्हावयाचा आहे, असें कळवून तिनें शेवटीं विचारिलें होतें, "सर, ही पदवी खरी मानावी कीं नाहीं?" आम्हीं चार ओळींत उत्तर धाडिलें: विद्या गुरूच्या सान्निध्यांत मिळते, घरपोंच येतो तो किराणा. उत्तर धाडल्यावर मात्र मनास चुटपुट लागली. इतकीं वर्षें इतिहास शिकविणाऱ्यानें, ज्या वस्तूचा इतिहास आपण कधीं पाहिला नाहीं, तिजविषयीं एवढ्या ठामपणें निवाडा द्यावा, हें कांहीं बरें झालें नाहीं. पुढील मजकूर म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती होय.

असोसिएट ही अमेरिकेंतील पदवी आपल्या वाचकांस फारशी परिचित नाहीं. आपल्या बी. ए. सारख्या पदवीच्या वाटेवरील तो अर्धा टप्पा आहे. साधारणतः दोन वर्षांत साठ श्रेयांक पुरे केले म्हणजे ती मिळते. तिची कुळकथा पाहूं गेल्यास आपण शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांजपाशीं येऊन पोंचतों. १८५६ सालीं जन्मलेला हा विलक्षण पुरुष वयाच्या अठराव्या वर्षींच येल विद्यापीठाचा डॉक्टर झाला होता. पदवीच्या चार वर्षांचे त्यांनीं दोन भाग पाडिले आणि १९०० सालीं पहिल्या भागाच्या अखेरीस असोसिएट ही उपाधि देण्याची प्रथा सुरू केली. दोन वर्षें शिकून थांबणाऱ्या विद्यार्थ्यास रिक्त हस्तानें घरीं जावें लागूं नये, हा त्यांतील एक हेतु. त्यांच्याच प्रेरणेनें १९०१ सालीं शिकागोपासून सुमारें ४० मैलांवरील जोलिएट गांवीं, तेथील माध्यमिक शाळेच्या आश्रयानें, अवघ्या सहा विद्यार्थ्यांचें ज्युनिअर कॉलेज उघडलें. तें आजहि चालू आहे. अमेरिकेंतील सार्वजनिक द्विवर्षीय महाविद्यालयांच्या वंशवृक्षाचें मूळ तेंच होय.

येथपर्यंतची हकीकत आम्हांस थोडीबहुत ठाऊक होती. नवल वाटलें तें पुढेंच. दूरस्थ शिक्षणाच्या इतिहासांतहि आघाडीवर तेंच नांव आढळलें. शिकागोनजीक मॉर्गन पार्क येथील धर्मविद्यालयांत शिकवीत असतांना, १८८० नंतरच्या दशकांत, हार्पर यांनीं हिब्रू भाषा टपालानें शिकविण्यास आरंभ केला. पुढें १८९२ सालीं शिकागो विद्यापीठाचे दरवाजे उघडले, तेव्हां त्यांत पत्रद्वारा शिक्षणाचीहि सोय होती. म्हणजे दोन वर्षांची पदवी आणि घरबसल्या अध्ययन हीं दोन्हीं अपत्यें एकाच घरचीं. आमची विद्यार्थिनी त्या दोन भावंडांच्या पुनर्भेटीस हजर होती, आणि आम्ही तिला तें घराणेंच बनावट असल्याचें सांगत होतों!

अर्थात् पत्रद्वारा विद्या ही हार्पर यांची निर्मिति नव्हे. इंग्लंडांत १८४० सालीं एका पेनींत कोठेंहि पत्र पोंचविणारें टपाल सुरू होतांच आयझॅक पिटमन यांनीं बाथ शहरांतून लघुलेखनाचे धडे धाडण्यास प्रारंभ केला. विद्यार्थ्यानें उतारा लघुलिपींत लिहून पाठवावा आणि तो तपासून परत यावा, असा क्रम असे. बोस्टनमध्यें ॲना टिकनॉर या विदुषीनें १८७३ सालीं स्त्रियांसाठीं अशीच संस्था काढिली. घरकामांत गुंतलेल्या स्त्रीनें महिनोमहिने आपल्या शिक्षिकेशीं पत्रव्यवहार ठेवावा, आणि ग्रंथहि टपालानेंच यावेत. सुमारें चोवीस वर्षांत ७००० च्या आसपास स्त्रियांनीं हा लाभ घेतला. या दोन्हीं उदाहरणांत विद्यार्थ्याचें लिखाण कोणी तरी जाणता मनुष्य वाचीत होता, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

विसाव्या शतकांत साधनें बदललीं. पण योगायोग असा कीं त्यांतील तीन मोठे टप्पे त्याच इलिनॉय राज्यांत घडले. १९५६ सालीं शिकागोच्या सार्वजनिक ज्युनिअर कॉलेजानें दूरचित्रवाणीवरून वर्ग सुरू केले, आणि त्यांच्या द्वारें असोसिएट पदवीपर्यंत जातां येऊं लागलें. १९६० सालीं इलिनॉय विद्यापीठांत डोनाल्ड बिट्झर यांनीं 'प्लेटो' ही संगणकाकरवीं शिकविण्याची यंत्रणा उभारली. १९७३ सालीं तिच्यांत परस्परांस लिखित संदेश ठेवण्याचीहि सोय झाली. पुढें टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ सालीं जिनिव्हानजीकच्या सर्न संस्थेंत सुचविलेलें जागतिक माहितीजाल सामान्य जनांच्या हातीं सुलभ रीतीनें पोंचविणारा 'मोझेक' हा न्याहाळक १९९३ सालीं त्याच इलिनॉय विद्यापीठांत तयार झाला. हार्पर यांची टपालपेटी शंभर वर्षांनीं पडद्यावर आली ती अशी.

आतां विषयाचा विचार करूं. संगणकशास्त्र गणनेचीं तत्त्वें शोधतें. माहितीप्रणालीचा अभ्यासक पेढी, रुग्णालय, कचेरी यांच्या नोंदी संगणकांत कशा राखाव्या, हें शिकतो. व्यवहारासाठीं इंग्रजी वळणाच्या शब्दांनीं आज्ञा देतां याव्यात म्हणून १९५९-६० मध्यें 'कोबोल' भाषा निर्माण झाली. १९७० सालीं आयबीएम कंपनींतील एडगर कॉड यांनीं नोंदी परस्परसंबद्ध कोष्टकांत मांडण्याचा सिद्धांत प्रसिद्ध केला. असल्या पदवीचा मुख्य भाग या दोन धाग्यांनीं विणलेला असतो. आपल्याकडे पेशव्यांच्या दप्तरांत बसलेल्या अभ्यासकास ही विद्या अगदींच परकी वाटण्याचें कारण नाहीं.

असो. आमच्या पहिल्या उत्तरांत केवळ दुराग्रहच होता असेंहि नाहीं. फी घेऊन कागद विकणाऱ्या शाळा अमेरिकेंत पुष्कळ निघाल्या. त्यांस आळा घालण्यासाठीं १९९२ सालीं तेथील काँग्रेसनें असा नियम केला कीं, ज्या संस्थेचे निम्म्याहून अधिक अभ्यासक्रम पत्रद्वारा चालतात, तिच्या विद्यार्थ्यांस सरकारी अर्थसाहाय्य मिळूं नये. ऑनलाइन शिक्षण त्याच तडाख्यांत सांपडलें. २००६ सालीं त्यास त्यांतून मुक्त करण्यांत आलें. पण खऱ्याखोट्याची ओळख कशी पटावी? २००८ च्या कायद्यानें दूरस्थ शिक्षणाची व्याख्या करतांना शिक्षक व विद्यार्थी यांच्यांत नियमित आणि अर्थपूर्ण देवघेव असावी, अशी अट घातली. पिटमन यांचा तपासलेला उतारा आणि टिकनॉरबाईंच्या मासिक पत्रांतील शेरे कायद्याच्या भाषेंत लिहिले तर हेंच कलम होईल. पडदा कीं फळा, हा प्रश्न कायद्यानें गौण ठरविला. विद्यार्थ्याचें काम कोणी वाचतो कीं नाहीं, हा मुख्य मानिला.

ही कसोटी दुधारी आहे. ती लावली असतां कित्येक ऑनलाइन वर्ग नापास होतील. आणि एकाकी अभ्यासांत अर्ध्यावर गळणारे विद्यार्थी थोडे नसतात, हेंहि खरें. परंतु शंभर-सव्वाशें मुलांपुढें टिपणें वाचून दाखवून तास संपविणारे आम्ही प्राध्यापक तरी तींतून सहीसलामत सुटूं काय? नाशिकास १९८९ सालीं मुक्त विद्यापीठ स्थापन झालें, तेव्हां आम्हीं नाकें मुरडलीं होतीं. त्या वेळीं आपल्या वर्गास हा प्रश्न विचारण्याचें आम्हांस सुचलें नाहीं.

आमच्या विद्यार्थिनीनें आमचा सल्ला मानला नाहीं, हें तिचें भाग्य. गेल्या महिन्यांत तिनें आपल्या गृहपाठाची प्रत पाठविली. ग्राहकांच्या मागण्यांचें कोष्टक करतांना तिनें प्रत्येक मागणीपुढें ग्राहकाचा पत्ता पुनः लिहिला होता. तिजवर शिक्षकाचा शेरा होता, त्याचा आशय असा: पत्ता एकाच जागीं ठेवावा, तो दहा ठिकाणीं लिहिल्यास ग्राहकानें घर बदलतांच नऊ ठिकाणीं खोटा राहण्याचा संभव. एकाच घटनेच्या दोन बखरींतील तारखा जुळवितांना आम्हीं तिला वर्गांत हेंच सांगितलें असेल. पण तिच्या वहीवर तसा शेरा लिहिल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. तिला नवें उत्तर लिहिलें आहे: पदवी खरी आहे. तें धाडून, गेल्या सत्रापासून कपाटांत पडलेला निबंधांचा गठ्ठा आम्हीं खालीं काढला, आणि लाल शाईचें पेन शोधूं लागलों.