गुन्हेगारी, दिवाणी आणि अपकृत्य : मराठी न्यायपरिभाषेतील अर्थांतर

मराठेशाहीच्या कागदपत्रांत आढळणारे न्यायव्यवहाराचे अनेक शब्द आजही न्यायालयांत रूढ आहेत. जामीन, फिर्याद, राजीनामा, पुरसीस, गुन्हेगारी हे शब्द दृष्टीस पडताच ते परिचित वाटतात, आणि या परिचयामुळेच अभ्यासकाची फसगत होण्याचा संभव असतो. पेशवेकालीन जमाखर्चात ‘हरकी’ व ‘गुन्हेगारी’ या बाबी जमेच्या बाजूस येतात. त्यांतील ‘गुन्हेगारी’ या शब्दास आजचा अर्थ लावून त्या त्या प्रांतातील गुन्ह्यांचे प्रमाण कोणी मोजू लागेल, तर त्याचा निष्कर्ष मुळातच चुकेल. कारण त्या रकमांपैकी पुष्कळ रकमा पाटीलकीच्या किंवा कुलकर्णाच्या वादात हरलेल्या पक्षांनी भरलेल्या असत. त्या पक्षांनी चोरी वा मारामारी केलेली नसे. शब्द टिकला, परंतु त्याचा अर्थ पालटला. हा पालट केव्हा व कशामुळे झाला हे पाहिले म्हणजे न्यायसंस्थेच्या स्थित्यंतराचाही उलगडा होतो.

प्रथम व्यवहाराची, म्हणजे दाव्याच्या कामकाजाची, परिभाषा घ्यावी. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने लिहिलेल्या मिताक्षरेत व्यवहाराचे चार पाद सांगितले आहेत : भाषा, उत्तर, क्रिया आणि साध्यसिद्धी. वादीचे म्हणणे, प्रतिवादीचे उत्तर, पुरावा आणि निर्णय असा हा क्रम होय. उत्तराचेही चार प्रकार मानले जात. त्यांतील ‘प्राङ्न्याय’, म्हणजे हा वाद पूर्वीच निवडला गेला आहे असे उत्तर, हे तत्त्व आजच्या दिवाणी प्रक्रियेतही तितकेच महत्त्वाचे आहे. मराठेशाहीत हा सांगाडा बव्हंशी कायम राहिला. त्यावरील शब्दांचा पेहराव मात्र फार्सी झाला. अग्रवादी व पश्चिमवादी ही नावे संस्कृत परंपरेतील. पण त्यांच्या निवेदनास ‘तकरीर’ म्हणत, सभेस ‘मजालस’ म्हणत आणि सभेच्या साक्षीने होणाऱ्या निर्णयलेखास ‘महजर’ म्हणत. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाने फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तथापि दैनंदिन लेखनातून फार्सी शब्द हटले नाहीत.

या प्रक्रियेत पक्षकाराची संमती हा आधारस्तंभ होता. वाद सुरू होण्यापूर्वी दोन्ही पक्ष अमुक सभेचा निर्णय आपणांस मान्य राहील असे लिहून देत, हाच ‘राजीनामा’. सभेपुढे हजर राहण्याबद्दल ‘हाजीरजामीन’ व निर्णयाप्रमाणे वागण्याबद्दल ‘वर्तनजामीन’ घेतला जाई. निर्णयानंतर हरलेला पक्ष आपण खोटे ठरल्याचे ‘येजितखत’ लिहून देई आणि जिंकलेल्यास ‘निवाडपत्र’ मिळे. न्यायसभेपाशी निर्णयाची अंमलबजावणी करणारी स्वतंत्र यंत्रणा तोकडी होती. म्हणून हरणाऱ्याची लेखी कबुली हीच अंमलबजावणीची हमी ठरे. न्यायालयाची आज्ञा पक्षकाराच्या संमतीवाचूनही बंधनकारक ठरू लागली, तेव्हा या लेखांचे प्रयोजन उरले नाही. येजितखत व्यवहारातून गेले. राजीनामा आधी तडजोडीच्या लेखास लागू झाला आणि सामान्य मराठीत त्याचा अर्थ पदत्याग एवढाच राहिला. ‘पुरसीस’ या शब्दाचा मूळ अर्थ विचारपूस. सभेने पक्षकारास प्रश्न विचारणे. आज महाराष्ट्रातील न्यायालयांत ‘पुरशीस’ म्हणजे पक्षकाराने न्यायालयास दिलेले संक्षिप्त लेखी निवेदन. विचारणाऱ्याचा शब्द सांगणाऱ्याकडे गेला.

हरकी आणि गुन्हेगारी यांचा संबंध याच व्यवस्थेशी आहे. वाद जिंकणारा आनंदादाखल सरकारास जी रक्कम देई ती हरकी किंवा शेरणी. हरणारा जी रक्कम देई ती गुन्हेगारी. खोटा वाद सांगून सरकारास श्रम दिले, हा त्याचा गुन्हा. प्रत्यक्ष चोरी, व्यभिचार किंवा मारामारी यांबद्दल घेतलेल्या दंडासही हाच शब्द वापरीत. म्हणजे गुन्हेगारी हे प्रवृत्तीचे नाव नसून रकमेचे नाव होते आणि ती रक्कम कोणत्या प्रकारच्या वादातून आली हे शब्दावरून कळत नसे. तो भेद त्या काळच्या न्यायसभेस आवश्यकच वाटला नव्हता.

हा भेद पुढे ज्या दोन नावांनी रूढ झाला त्यांचा इतिहासही असाच उद्बोधक आहे. फौजदारी हे फौजदाराच्या आणि दिवाणी हे दिवाणाच्या अधिकाराचे नाव. मोगल राज्यकारभारातील ही दोन पदे होत. बंगालची दिवाणी कंपनीकडे १७६५ मध्ये आली आणि १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने जिल्ह्यांत दिवाणी व फौजदारी अदालती स्थापल्या. तेव्हापासून ही पदनामे कायद्याच्या दोन शाखांची नावे बनू लागली. १८१८ नंतर महाराष्ट्रात तीच विभागणी आली. मराठी कागदांत तोवर ‘दिवाण’ म्हणजे सरकार असा अर्थ होता. आज ‘दिवाणी दावा’ म्हणजे मुख्यतः दोन खाजगी पक्षांमधील वाद. ‘फिर्याद’ हा शब्द पूर्वी कोणत्याही गाऱ्हाण्यास लागू होई. वतनाच्या वादातील पक्षही फिर्याद करीत. विभागणीनंतर फिर्यादी फौजदारीकडे गेला आणि दिवाणीकडे वादी राहिला.

एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीत १८२७ साली मुंबई इलाख्याचे कायदे संहितारूपाने प्रसिद्ध झाले. त्यांतील चौदाव्या विनियमात गुन्हे व त्यांच्या शिक्षा एकत्र आल्या. पुढे भारतीय दंड संहिता १८६० मध्ये संमत होऊन १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली, आणि गुन्हा म्हणजे संहितेने शिक्षापात्र ठरविलेले कृत्य हा अर्थ पक्का झाला. दाव्यात हरलेला मनुष्य आता गुन्हेगार नव्हता. ‘गुन्हेगारी’ने रकमेचा अर्थ सोडला व ती जागा ‘दंड’ या शब्दाने घेतली. संस्कृतात सर्वच शासनाचा वाचक असलेला दंड मराठीत प्रायः पैशापुरता उरला, आणि शासनाचा व्यापक अर्थ मूळच्या शिकवणीच्या ‘शिक्षा’ या शब्दाकडे गेला. एका शब्दाने जागा सोडताच शेजारच्या दोघांनी आपली जागा बदलली.

अपकृत्याची स्थिती याहून वेगळी आहे. एकाने दुसऱ्याचे नुकसान केल्यास भरपाई द्यावी, ही कल्पना जुन्या व्यवहारास अपरिचित नव्हती. गावात चोरी झाली असता रामोशी किंवा जागल्या माग काढी. माग ज्या गावच्या शिवेत जाऊन थांबे त्या गावावर चोर देण्याची अथवा नुकसान भरून देण्याची जबाबदारी येई. गुन्हा व भरपाई येथे एकाच प्रसंगाची दोन अंगे होती. त्यामुळे भरपाईयोग्य कृत्यासाठी स्वतंत्र संज्ञा निर्माण झाली नाही. १८२७ च्या चौथ्या विनियमातील २६ व्या कलमाने कायदा व रूढी यांचा आधार नसेल तेथे न्याय, समता व सद्बुद्धी यांनुसार निर्णय द्यावा असे सांगितले. १८८७ साली वाघेला राजसंजी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने या सूत्राचा सामान्यतः स्वीकारलेला अर्थ सांगितला : भारतीय परिस्थितीस लागू पडतील तेवढे इंग्लिश कायद्याचे नियम. याच वाटेने ‘टॉर्ट’ची कल्पना येथे आली. सर फ्रेडरिक पोलॉक यांनी हिंदुस्थानासाठी १८८६ मध्ये दिवाणी अपकृत्यांच्या विधेयकाचा मसुदा तयार केला. त्याचा कायदा कधीच झाला नाही.

या न झालेल्या कायद्याचा परिणाम भाषेवर झाला. संहिता मराठीत आल्यामुळे फौजदारी शब्दांना निश्चित रूप मिळाले. ‘दखलपात्र’, ‘अजामीनपात्र’ यांसारखे अरबी-फार्सी व संस्कृत यांच्या संयोगाने बनलेले शब्द पोलीस ठाण्यापासून न्यायासनापर्यंत एकाच अर्थाने चालतात. अपकृत्याची सर्वसाधारण संहिता नसल्याने त्याची परिभाषा पाठ्यपुस्तके व कोश यांतच वावरत राहिली. मोटार अपघातातील पीडिताचे कुटुंब न्यायाधिकरणाकडे जाते ते ‘नुकसानभरपाई’साठी, आपला दावा अपकृत्यावर आधारलेला आहे हे त्यास ठाऊकही नसते. ‘अब्रुनुकसानी’ हा शब्द तर दोन्ही शाखांत एकच आहे : ती भरपाईचे कारणही होते आणि गुन्हाही ठरते. त्यामुळे कोणती कार्यवाही अभिप्रेत आहे ते संदर्भावरूनच ठरवावे लागते.

१९६० मध्ये राज्यात भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला आणि १९९८ च्या अधिसूचनेने कनिष्ठ न्यायालयांच्या कामकाजाची भाषा मराठी ठरली. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. नाव बदलले की आशय किती बदलतो, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा उपस्थित झाला आहे. त्याचा निकाल नावावरून लागत नाही, व्यवहारावरून लागतो. ‘आरोपी’ म्हणजे ज्यावर आरोप आहे तो, ‘गुन्हेगार’ म्हणजे ज्याचा गुन्हा शाबीत झाला तो. हा भेद संहितेने आणला, पण बोलण्यात व छापील बातमीत तो अद्याप पुरता रुजलेला नाही. वाद हरला म्हणून गुन्हेगारी भरणाऱ्या जुन्या वतनदारास आज गुन्हेगार समजणे आणि निर्णयापूर्वीच आरोपीस गुन्हेगार म्हणणे, या दोहोंचे मूळ एकच आहे : शब्दामागील प्रक्रिया न पाहणे. जुन्या कागदाचा वाचक प्रत्येक संज्ञेपुढे तिचा काळ लिहून ठेवील, तरच त्याचे वाचन प्रमाण ठरेल.